पाव नदी, पाऊण नदी

पावागढच्या नावाची एक कथा आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. विश्वामित्र ऋषींची गाय खोल दरीत पडली. तिनं आपल्या दुधानं दरी भरली आणि पोहत वर आली. पुन्हा असं होऊ नये म्हणून ऋषींनी दरी बुजवायला डोंगर मागितला. डोंगर आला, तो पाऊण दरीत गेला आणि पाव वर उरला. म्हणून पावागढ. गुजरातीत काय नि मराठीत काय, पाव म्हणजे पावच. त्यामुळे बडोद्यातल्या मराठी घरात ही गोष्ट सांगताना काही समजावून द्यावं लागत नाही. ही व्युत्पत्ती पंडितांच्या पचनी पडेल न पडेल. मला ती आवडते ती वेगळ्याच कारणानं. त्या डोंगरातून निघून आमच्या शहरातून वाहणारी विश्वामित्रीही अशीच आहे. वर्षातले आठ-नऊ महिने आपल्याला दिसते ती पाव नदी. खाली कुठेतरी हिरवट, संथ, वास मारणारं पाणी, दोन्ही बाजूंना गांडो बावळ (म्हणजे वेडी बाभूळ) आणि गवत. उरलेली पाऊण नदी पावसाळ्यात चार-सहा दिवस येते आणि जाते.

ऑगस्ट 2024 मध्ये ती आली. काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात, पंचवीस-सव्वीस फुटांना धोक्याची धरतात. त्या आठवड्यात पाणी 35 फुटांच्या वर गेलं. शहराच्या मोठ्या भागात लष्कर बोलवावं लागलं. आमच्या सोसायटीचा तळमजला बुडाला आणि आम्ही सगळे अगाशीवर (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गच्चीवर वाचावं). वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, आणि चहूकडे पाणीच पाणी. तिसऱ्या दिवशी ते उतरलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्रिज, गाद्या, सोफे, शाळेची पुस्तकं यांचे ढीग लागले. ‘नदी कोपली’, ‘नदीनं थैमान घातलं’ असे मथळे आले. मला त्या मथळ्यांशीच भांडायचं आहे. नदी कोपलीबिपली नव्हती. ती आपल्या पूर्ण मापानं आली होती, आणि आम्ही गेली कित्येक वर्षं तिचं माप मे महिन्यात घेत आलो होतो.

आधी ही नदी आहे तरी कशी ते बघू. उत्तरेला मही, दक्षिणेला नर्मदा, दोन्ही दांडग्या. त्यांच्या मधल्या पट्ट्यातलं पाणी गोळा करून पश्चिमेला नेण्याचं काम या बारक्या नदीच्या वाट्याला आलं आहे. हिला हिमनद्या नाहीत, सह्याद्रीसारखा भरवशाचा पाऊसही नाही. पावागढ आठशे मीटरहून उंच. त्याच्या अंगावर पडलेलं पाणी धाडदिशी खाली येतं आणि पायथ्याशी पोचताच एकदम ताटासारख्या सपाट जमिनीवर उभं राहतं. तिथून पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताला जाईपर्यंत तिला उतार असा जवळपास नाहीच. उतार नसलेलं पाणी सरळ जात नाही. ते वळतं. बडोद्याचा नकाशा उघडून पाहा, समा, फतेहगंज, सयाजीगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर असं करत नदी इतकी वळणं घेते की सरळ रेषेत गेली असती तर अर्ध्या वाटेत बाहेर पडली असती. ही वळणं म्हणजे नदीचा आळस नव्हे. जास्त लांबी घेतली की पाण्याचा वेग मोडतो, काठ टिकतो, आणि आलेलं पाणी तेवढ्याच शहरात जास्त वेळ मावतं.

आणि मग कोतरं. मराठीत घळी म्हणावं लागेल, पण बडोदेकर मराठी माणूसही कोतरच म्हणतो. गाळाची भुसभुशीत माती पावसानं कापत कापत नदीच्या दोन्ही अंगांना बोटांसारखे फाटे तयार होतात, कुठे दोन पुरुष खोल, कुठे तीन. उन्हाळ्यात तिथे शेळ्या चरतात आणि मुलं पतंग शोधतात. बांधकामवाल्याच्या डोळ्यांना ती पडीक जमीन दिसते. पण पाणी चढायला लागलं की आधी ते या कोतरांत शिरतं. पाव नदी आणि पाऊण नदी यांच्यामधली ही जागा. शहराला न विचारता, पैसा न घेता पाणी साठवणारी. गेल्या काही दशकांत किती कोतरं मलब्यानं भरली गेली, किती सपाट करून त्यांवर इमारती उठल्या, हे कुठल्याही वयस्कर बडोदेकराला विचारा. तो बोट दाखवून सांगेल: इथे खाली उतरायला वाट होती.

शहरात पाणी येतं ते तीन वाटांनी. पावागढ-हालोलकडे पडलेला पाऊस नदीनंच येतो. दुसरं पाणी आजव्याचं. महाराजा सयाजीरावांनी शहराला नळाचं पाणी मिळावं म्हणून बांधलेलं हे सरोवर 1892 पासून आहे. त्याचे बासष्ट दरवाजे. पातळी फुटांत सांगतात, आणि 211 हा आकडा आला की, म्हणजे पाणी नदीत सुटायची वेळ आली की, पावसाळ्यात बडोद्यातला प्रत्येक जण कान टवकारतो. तिसरं पाणी शहराचं स्वतःचं. ते कांसांमधून, म्हणजे भुखी कांस, रूपारेल कांस अशा जुन्या नैसर्गिक ओढ्यांमधून नदीला मिळायचं. आता यातल्या बऱ्याच कांसांवर स्लॅब आहे, काही पाइपात कोंबल्या आहेत. नदी चढली की हे पाणी बाहेर पडू शकत नाही, उलट नदीचंच पाणी त्यांतून मागे सरकून गल्लीतल्या गटारातून वर येतं. म्हणजे नदीपासून लांब राहणाऱ्यालाही नदी भेटायला येते. 31 जुलै 2019 ला बारा-चौदा तासांत अठरा-वीस इंच पाऊस झाला तेव्हा हे आम्ही पाहिलं होतं. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं.

आजव्याबद्दल दरवर्षी एक तंटा होतो, आधीच का रिकामं केलं नाही म्हणून. ते पिण्याचं पाणी आहे. जुलैत सोडून दिलं आणि ऑगस्ट कोरडा गेला तर तेच लोक तोच अधिकारी फाडून खातील. या बाबतीत मी अधिकाऱ्यांच्या बाजूनं आहे. एका दरवाज्यावर सगळं खापर फोडून शहराला स्वतःची सुटका करून घेता येणार नाही.

हे शहर मुळात पुरानंच वसवलेलं आहे, हे आम्ही विसरलो. जुनी वस्ती नदीच्या पश्चिमेला होती, अंकोट्टक, म्हणजे आजचं अकोटा. तिथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आज संग्रहालयात आहेत. इ. स. 600 च्या सुमारास पुरामुळे लोक तिथून उठले आणि नदी ओलांडून पूर्वेच्या उंच जागेवर, वडाच्या झाडांमधल्या वडपद्रकात आले, असं इतिहासकार सांगतात. त्या वडपद्रकाचं दान दिल्याचा राष्ट्रकूट ताम्रपट 812 सालचा आहे. पुढे मांडवीभोवतीचं कोटातलं शहर वाढलं ते याच उंचवट्यावर, नदीपासून जपून. गायकवाडांच्या काळात नदीच्या अगदी काठावर काय आलं? बाग आली. 1879 ची कमाटीबाग, सरकारी नाव सयाजीबाग. नदी तिच्या पोटातून जाते. बाग बुडते, चार दिवसांनी वाळते, गुलाब पुन्हा लावता येतात. महाराजांनी पूर डोळ्यांसमोर ठेवून ती जागा निवडली असा माझा दावा नाही. पण तिथे त्यांनी चाळी बांधल्या नाहीत एवढं खरं.

बागेपासून जवळच, विश्वामित्रीच्या पुलापाशी कीर्तिमंदिर आहे, गायकवाड घराण्याचं स्मारक. आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत आणि त्यांत एक गंगावतरणाचं. शंकरानं जटांमध्ये गंगा झेलली नसती तर पृथ्वी तिच्या वेगानं फुटली असती, ही ती कथा. बाहेर आलं की पुलाखाली विश्वामित्री असते. तिच्या जटा म्हणजे कोतरं, वळणं, तळी. त्या आम्ही कापत आलो.

इथे बडोद्याच्या मराठी मंडळींनी स्वतःकडेही जरा बघायला हवं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या आमच्या जुन्या जागा. तिथल्या वाड्यांच्या, सयाजीरावांच्या ग्रंथालयांच्या, 2018 च्या साहित्य संमेलनाच्या आठवणींवर आम्ही तासन् तास बोलू शकतो. विश्वामित्रीवर? दहा मिनिटं, तीही पुराची. आमच्या अस्थी चांदोदला नर्मदेत जातात. पिण्याचं पाणी आजवा आणि महीचं. गणपती आधी सुरसागरात जायचे, आता कृत्रिम तलावांत. या नदीची कुणी ओटी भरल्याचं मी पाहिलं नाही. कामनाथ, भीमनाथ अशी महादेवाची देवळं तिच्या अवतीभवती आहेत, पण श्रावणी सोमवारी गेलेला माणूस नदीकडे पाठ करूनच रांगेत उभा असतो. आजोबांच्या पिढीनं पेठेतलं घर विकलं आणि आमच्या पिढीनं नदीपलीकडे फ्लॅट घेतला. घेताना पार्किंग बघितलं, लिफ्ट बघितली, वास्तुशास्त्रवाल्याला आणून ईशान्य कोपरा बघितला. पाणी कुठवर येतं हे विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

मुंबईच्या नातेवाइकांनी हसू नये. 26 जुलै 2005 पर्यंत मिठीला नदी म्हणणारे किती होते?

या शहरात नदीची पाऊण हद्द अजून कुणी पाळत असेल तर त्या मगरी. 2025 च्या फेब्रुवारीतल्या गणतीत शहराच्या पट्ट्यात त्या चारशेहून अधिक निघाल्या. 2020 मध्ये पावणेतीनशेच्या आसपास होत्या. जगात इतक्या दाट मानवी वस्तीतून एवढ्या मगरी राहणाऱ्या जागा थोड्या. हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडतात, कमाटीबागेच्या पुलावरून शाळेतली पोरं मोजतात. मादी काठाच्या उंच मातीत खड्डा करून अंडी घालते, उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि पहिल्या पावसाच्या आगेमागे पिल्लं बाहेर येतात. तिला जागा अशी शोधावी लागते की अंडी बुडणार नाहीत आणि पिल्लांना पाणी लांब पडणार नाही. आमच्या वास्तुशास्त्रवाल्यापेक्षा ही निवड अधिक शहाणपणाची असते. 2024 च्या पुरात मगरी रस्त्यांवर आल्या, अकोट्यात एका घराच्या पत्र्यावर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ देशभर फिरला आणि लोकांनी विचारलं, या शहरात कशा आल्या? खोडियार मातेचं वाहन मगर. तिच्या फोटोला रोज उदबत्ती ओवाळणाऱ्या घरांतूनही हा प्रश्न आला, याची मला गंमत वाटली.

आता दुसरी बाजू. आमच्या मजल्यावरच्या काकांचा तळमजल्यावर झेरॉक्स आणि स्टेशनरीचा गाळा होता. यंत्रं, कागद, सगळं गेलं. सरकारी केशडोल, म्हणजे रोख मदत, मिळाली ती आठवडाभराच्या भाजीला पुरली. काका म्हणतात, “तुमची कोतरं आणि मगरी राहू द्या बाजूला. नदी खोल करा, रुंद करा, सरळ करा. पंचवीस साली खोदली ना? आलं का पाणी?” या माणसाला पर्यावरणाचं व्याख्यान देणं उद्धटपणाचं होईल. त्यांचं नुकसान खरं आहे, आणि 2025 च्या पावसाळ्याआधी नदीत पोकलेन उतरली, शहरातल्या सुमारे 24 किलोमीटरच्या पट्ट्यात गाळ काढला, काठ कापले, हेही खरं. काही ठिकाणी ते हवंच होतं. मलबा टाकून अरुंद केलेली नदी मोकळी करायला कुणाची हरकत असणार? तो मलबा काही नदीनं आणलेला नव्हता.

पण काकांना मी जे सांगतो ते इथेही सांगतो. परातीच्या मधोमध खळगा केला म्हणून परातीतलं पाणी बाहेर जात नाही. शहराच्या खालच्या अंगाला नदीचा तळ आहे तिथेच आहे, उतार आहे तेवढाच आहे, आणि ढाढर भरून वाहत असेल तर पाण्याला पुढे सरकायला जागा नाही. शहरातला तळ खाली नेला की त्या खळग्यात पाणी साचतं, आणि एक-दोन पावसाळ्यांत वरून येणारा गाळ तो बुजवतो. उभे कापलेले काठ तर पहिल्याच मोठ्या पावसात ढासळतात, कारण ही मातीच तशी आहे. कोतरं तिनंच तर घडवली. दरवर्षी खोदायचं म्हटलं तर ते कंत्राट झालं, उपाय नाही. सरळ करण्याबद्दल तर बोलायलाच नको. वळणं काढून पाणी घाईनं पुढे लोटलं तर ते खालच्या गावांत जाईल, करजण-पादऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या कापसात आणि तुरीत उभं राहील. आमचा गाळा वाचावा म्हणून त्यांचं शेत बुडवायचं, हे काकांनाही पटत नाही. ते भले गृहस्थ आहेत. आणि एका पावसाळ्यात पूर आला नाही यावरून खोदकाम यशस्वी ठरवायचं, तर 2020 ते 2023 या वर्षांतल्या न आलेल्या महापुरांचं श्रेय कुणाला द्यायचं?

ही यंत्रं चालली तो काळ मगरीच्या अंड्यांचा होता, हे जाता जाता. कायद्यानं हा प्राणी वाघाच्याच पहिल्या परिशिष्टात आहे.

मग रिव्हरफ्रंटचं स्वप्न आहेच. अहमदाबादला जाऊन आलेला प्रत्येक बडोदेकर साबरमतीच्या काठचे फोटो दाखवून उसासा टाकतो. तिथे दोन्ही बाजूंना भिंती घालून नदीला 263 मीटरची एकसारखी रुंदी दिली, आणि वासणा बंधाऱ्यामागे जे पाणी वर्षभर चमकतं ते नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं. तो एक लांबट तलाव आहे, सुंदर आहे, पण त्याला पाहून विश्वामित्रीचं माप ठरवणं म्हणजे शेजारच्या मुलाच्या मापाचा शर्ट आपल्या मुलाला शिवणं. साबरमतीचं पात्र मुळात रुंद, वाळूचं. आमची नदी अरुंद, खोल, वळणांची, आणि तिच्या काठात चारशे जणांची बिळं. बडोद्याच्या रिव्हरफ्रंट प्रकल्पावर राष्ट्रीय हरित लवादानं 2016 मध्ये अटकाव आणला होता, आणि 2021 च्या आदेशात नदीचं पूरमैदान आखून त्यातली अतिक्रमणं हटवण्यावर भर दिला. या आदेशाची चर्चा आमच्याकडे मगरीच्या व्हिडिओच्या शंभराव्या हिश्शानंही झाली नाही.

आखणं हाच कळीचा मुद्दा आहे. सांगली-कोल्हापूरकडचे आप्त पावसाळ्यात फोनवर ‘निळी रेषा’, ‘लाल रेषा’ असे शब्द सहज वापरतात. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. त्या रेषा असूनही 2019 मध्ये तिथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. रेषा कागदावर आणि बंगले रेषेच्या आत, हा प्रकार तिथेही आहे. तरी निदान भांडायला एक रेषा आहे. बडोद्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. माझं मागणं फार मोठं नाही. 2024 चं पाणी जिथवर आलं ती रेघ नकाशावर ओढा. ती टीपी स्कीमच्या, म्हणजे नगररचनेच्या, नकाशावर दिसू दे, आणि फ्लॅटच्या दस्तात एक ओळ येऊ दे की या जागेत अमुक साली अमुक फूट पाणी होतं. रेघेच्या आत नवं बांधकाम नको. जे आधीच आत आहेत, माझ्यासकट, त्यांना हुसकावता येणार नाही, पण तळमजला राहण्या-विकण्यासाठी न वापरता मोकळा ठेवायची सक्ती करता येईल. उरलेल्या कोतरांचा सात-बारा काढा आणि त्यांत एक ट्रॉली मलबाही पडू देऊ नका. वरच्या अंगाला हालोल-वाघोडियाकडची जी गावतळी गाळानं भरली आहेत ती खोदा; पोकलेनला काम हवंच असेल तर ते तिथे आहे. शहराचं सांडपाणी नदीत सोडणं थांबवा. प्रदूषित नदीपट्ट्यांच्या केंद्रीय यादीत विश्वामित्रीचं नाव आहे, आणि ज्या पाण्याचा वास येतो त्याच्या काठावर कोतर बुजवलं तर कुणाला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

यानं पूर थांबेल? नाही. पाऊण नदी येणारच. ती कमाटीबागेत येईल, कोतरांत येईल, रिकाम्या पार्किंगमध्ये येईल, आणि जाईल. काकांचा गाळा त्या दिवशी वरच्या मजल्यावर असेल तर ते अगाशीत उभे राहून तिचे फोटो काढतील.

पाणी उतरल्यावर आमच्या सोसायटीच्या भिंतींवर सगळीकडे एकाच उंचीवर चिखलाची रेघ उमटली होती, माझ्या छातीएवढी, पातळी लावून ओढल्यासारखी सरळ. दिवाळीच्या आधी रंगारी आले. मी मीटिंगमध्ये म्हटलं, जिन्यापाशी हातभर जागा तशीच ठेवू, खाली तारीख घालू. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, “दोन फ्लॅट विकायचे आहेत, भाऊ. गिऱ्हाईक बघायला येतं.” हात वर करून मतदान झालं, माझ्या बाजूनं मी आणि झेरॉक्सवाले काका. फिकट पिवळ्या रंगाचे दोन हात बसले. रेघ आता फक्त मीटरच्या पेटीच्या आत आहे, तिथे ब्रश पोचला नाही.